पाळीतल्या कळा : काय करता, काय घेता? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांनी लिहा)

शहापूरकरीण

आमच्या गल्लीत पोरगी पाळीत कळवळली की म्हणतात, "लग्न झालं की थांबतंय." लग्न झालेलीला म्हणतात, "एक मूल झालं की थांबतंय." माझ्या नणंदेला दोन मुलं आहेत आणि तिचं दुखणं वाढतच चाललंय, तिला काय सांगायचं ते मात्र कुणाला सुचत नाही.

मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. पहिल्या दिवशी कॉलेज बुडतंच. ओटीपोटात कळा, कंबर धरते, मांड्या भरून येतात, कधी उलटी, कधी जुलाब. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोरगी पुन्हा पहिल्यासारखी. मेडिकलमधून गोळी आणून देता येते, पण सासूबाई म्हणतात सवय लागेल आणि पुढे मूल राहायला अडचण येईल. हे खरं आहे का? घरगुती उपायांतलं कशाने खरंच उतार पडतो? आणि डॉक्टरकडे नेमकं कधी न्यायचं? नणंदेचं खाली वेगळं लिहीन.

खानापूरची_माई

आमच्याकडे अजून तव्यावर जाडं मीठ तापवून जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधतात. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग पोटावर. बेंबीच्या खाली आणि मागे कंबरेला, आलटून पालटून. सोबत ओवा नि बाळंतशेप उकळून, वर गुळाचा खडा. आई आल्याचा रस गुळात कालवून चाटवायची. पोटात गरम गेलं की बरं वाटतंय, एवढं खरं. बाकी शास्त्र मला कळत नाही.

दही खायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, हे मी माझ्या सुनेला सांगितलेलं नाही. दुखणारीला उपाशी ठेवून काय मिळतंय?

वडगाव_मेडिकल

काउंटरच्या अलीकडचं सांगतो. पाळीच्या गोळ्या न्यायला पुरुष येतात आणि "पोटदुखीची द्या" म्हणतात. पोटदुखी कसली ते सांगत नाहीत. आम्ही विचारलं तर मान खाली. मग ॲसिडिटीची गोळी घेऊन जातात आणि घरी बाई तशीच तळमळते. भावांनो, "पाळीत दुखतंय" एवढं म्हणा, दुकानात कुणी हसत नाही.

सगळ्यात जास्त खपते ती मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेली. साधारण २५० आणि १० मिलिग्रॅम. लोक तिला एकाच ब्रँडच्या नावाने ओळखतात. डायसायक्लोमिनमुळे तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, पोरगी परीक्षेला जाणार असेल तर हे लक्षात ठेवा. आणि एक: २०२३ च्या शेवटी भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असा गंभीर त्रास होतो. त्यावरून व्हॉट्सॲपवर "ही गोळी बंद झाली" असं फिरलं. बंद झालेली नाही. पुरळ नि ताप एकदम आला तर गोळी थांबवून डॉक्टर गाठायचा, एवढाच त्याचा अर्थ.

ओपीडीवाली

स्त्रीरोगाची डॉक्टर आहे, इथल्याच एका गावात. ऑनलाइन तपासणी होत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

शहापूरकरीण, मुलीचं तुम्ही लिहिलंय ते बहुतेक साध्या दुखण्यात बसतं. पाळी सुरू झाल्यावर सहा महिने-वर्षभराने, बीज बाहेर पडायला लागलं की हे दुखणं सुरू होतं. रक्तस्रावाच्या थोडं आधी किंवा सोबत चालू होतं आणि दोन-तीन दिवसांत संपतं. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय जोरात आवळतं, त्याच्या स्नायूला रक्त कमी पडतं आणि कळ येते. तीच द्रव्यं आतड्यालाही चाळवतात. उलटी-जुलाब त्यामुळे. पोरगी नाटक करत नाही.

आता गोळीचं. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. आधी तयार झालेलं मात्र पुसता येत नाही. बायका काय करतात? सकाळपासून सोसतात, दुपारी जमिनीवर लोळायची वेळ आली की गोळी घेतात आणि "मला गोळी लागूच पडत नाही" म्हणतात. पहिली कळ आली किंवा पहिला डाग दिसला की घ्यायची. तारीख पक्की असेल तर आदल्या संध्याकाळी घेतली तरी चालते, मात्र दिवस गेलेले असण्याची शक्यता असेल तर असं आधी घेऊ नये. घ्यायची ती खाऊन: भाकरी, पेज, निदान दोन केळी. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही, आणि पहिले दोन-तीन दिवसच. सवय लागत नाही. महिन्यातले दोन दिवस घेतल्याने पुढे मूल राहायला अडचण येत नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा.

कुणी घेऊ नये: पोटात अल्सर असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास, रक्त पातळ करायची औषधं चालू, अशा गोळ्यांनी दमा उठणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असलेला ताप असेल तर अजिबात नाही, तेव्हा पॅरासिटामॉल.

शेकाचं माईंनी लिहिलेलं बरोबर आहे. ओटीपोटावर गरम पट्टी आणि आयब्युप्रोफेन यांची तुलना करून पाहिलेली आहे, शेक काही मागे पडला नाही. दोन्ही एकत्र केलं तर उत्तम. आल्याचाही थोडा उपयोग दिसलाय. आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास व्यायाम, म्हणजे भरभर चालणं, सूर्यनमस्कार, काहीही चालेल, त्यानेही पुढच्या महिन्यांत कळा कमी होतात. पण हे आधीपासून करायचं असतं, त्या दिवशी सकाळी उठून नाही.

निपाणीची_पोर

डॉक्टर, "भरभर चालणं" वाचून हसू आलं. रागावू नका. माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, पाठ वाकलेली, एक पाय दुमडलेला, हजार विड्या होईपर्यंत उठायचं नाही, कारण उठली की हात मोडतोय. पाळीतही तसंच. तिला व्यायाम सांगितला तर ती मलाच सूप हाणेल.

आम्ही बहिणींनी काय केलं, तर भिंतीला पाट टेकवून तिला पाठ टेकायला केली आणि कंबरेमागे गरम पाण्याची पिशवी ठेवायला लागलो. पिशवी पदराखाली, वर सूप, काम चालूच. तेवढ्याने ती आता "देवा" म्हणायची थांबलीय. तंबाखूच्या धुळीने डोकं दुखतं ते वेगळंच.

ओपीडीवाली

हसा हो, खरं आहे. तासाभराने एकदा उभं राहून कंबर मागे वाकवली तरी मी खूश आहे.

पिशवीबद्दल एक. उकळतं पाणी ओतू नका, दोन तृतीयांशच भरा, दाबून हवा काढा आणि मग बूच लावा. मध्ये टॉवेल हवाच. रोज तासन्‌तास शेकणाऱ्या बायकांच्या पोटावर मी तपकिरी डाग बघते, मासे धरायच्या जाळीसारखे उमटलेले. ते भाजणं नसतं, पण कातडीला सतत उष्णता लागल्याची खूण असते. पंधरा-वीस मिनिटं शेकून थोडी उसंत द्या. आणि ज्या बाईच्या पोटावर असे डाग पडलेत, तिचं दुखणं महिन्यातल्या दोन दिवसांचं उरलेलं नाही. तिला तपासायलाच हवं.

शहापूरकरीण

आभार डॉक्टर. सासूबाईंना वाचून दाखवलं. "डॉक्टरीणबाई म्हणत्यात तर दे," म्हणाल्या.

आता नणंदेचं. वय ३८, दोन्ही सिझर. चार-पाच वर्षांपासून पाळीच्या आठवडाभर आधीच ओटीपोट जड होतं, पाळीत परसाकडला बसताना जीव जातो, पाळी संपली तरी दुखणं राहतं. नवऱ्याजवळ जायला नको वाटतं, हे तिने मला कानात सांगितलं. सोनोग्राफी केली, "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून पाठवलं. दुसऱ्या एका ठिकाणी सरळ पिशवी, म्हणजे गर्भाशयच, काढून टाका म्हणाले. घरात आता पिशवी काढायचंच चाललंय.

यळ्ळूरकर

पुरुष आहे, लिहू का नको कळत नव्हतं. माझ्या बायकोची पिशवी पस्तिशीत काढली. गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, असं भीती घालून सांगितलं. आम्ही शेतकरी माणसं, घाबरलो. आता तिचं अंग रात्री पेटतं, घाम येतो, गुडघे नि कंबर गेली. सोबत अंडाशयही काढलं होतं हे आम्हाला कागद दुसरीकडे दाखवल्यावर कळलं. नणंदेला घाई करू देऊ नका.

ओपीडीवाली

शहापूरकरीण, हे मुलीच्या दुखण्यापेक्षा वेगळं आहे. पाळीच्या आधी कितीतरी दिवस सुरू होणारं, नंतरही राहणारं, वर्षागणिक वाढणारं, शौचाला आणि संबंधाच्या वेळी दुखणारं, असं असेल तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ रुजतात आणि तिथे दाह होत राहतो. बाळंतपणाच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला हा आजार असतो, आणि निदान व्हायला वर्षं जातात, कारण साध्या सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे बाईला काही झालं नाही, असं होत नाही. याच वयात ॲडिनोमायोसिसही असतो, म्हणजे तसंच अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेलं. पाळी खूप जात असेल तर त्याचीही शंका. सिझरच्या टाक्यापाशी पाळीत गाठ फुगून दुखत असेल तर तेही डॉक्टरला दाखवा.

उपचार पिशवी काढण्यापासून सुरू होत नाही. हार्मोनच्या गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं. तांबी वेगळी, तांबीने काहींना रक्तस्राव आणि कळा वाढतात, दोन्हींची गल्लत करू नका. दुर्बिणीतून बघून, दिसलं तर तिथेच काढता येतं. एंडोमेट्रिओसिस बाहेर पसरलेला असेल तर नुसतं गर्भाशय काढून दुखणं थांबेलच असं नाही.

यळ्ळूरकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पाळी जायच्या वयाआधी दोन्ही अंडाशयं काढली की हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. वहिनींची हाडांची तपासणी करून घ्या, आणि हार्मोन देता येतील का ते विचारा.

कारखान्यावरचा_मास्तर

हंगामात आमच्या साखर कारखान्याच्या फडावर ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या येतात. कोयता धरणाऱ्या बायकांत तिशीतली, पिशवी काढलेली बाई सापडणं नवल राहिलेलं नाही. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, पालाजवळ न्हाणी नाही, पाणी नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती यावरच. गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांवर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. कागद आहेत, फडावर पोचले नाहीत.

अंगोळ_८८

उपचाराला कुठं जावं यावर कोण बोलणार? इथं सरकारी दवाखान्यात कन्नडमध्ये बोलतात, बाईला धड दुखणंही सांगता येत नाही. सीमाभागातल्या आपल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने उपचाराची महात्मा फुले योजना दिली तर त्यातही राजकारण. मुळात हा भाग...

धागा_राखणदार

अंगोळ_८८, सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत आणि ते कमी नाहीत. इथे दुखण्याबद्दलच. पुढचे चार प्रतिसाद हलवले आहेत.

निपाणीची_पोर

पण भाषेचा मुद्दा खरा आहे हो. आईला "होट्टे नोवु" एवढंच येतं, म्हणजे पोट दुखतंय. त्यावर जंताची गोळी मिळाली. म्हणून आता मी घरूनच चिठ्ठी लिहून देते: पाळीची मागची तारीख, दुखणं कुठल्या दिवशी चालू, कुठल्या दिवशी संपलं, किती कापडं किंवा पॅड लागले, गोळी कुठली आणि कधी. आकडे आणि तारखा कुठल्याही भाषेच्या डॉक्टरला वाचता येतात.

बसचं सांगते. कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे बेळगावच्या दवाखान्याला आम्ही बायका फुकट जातो, आधार दाखवला की झालं. कोल्हापूरला जायचं तर ते तिकीट चालत नाही, राज्याबाहेर सवलत नाही. आमच्याकडे कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे पुष्कळदा बसवरून ठरतं.

टिळकवाडी_एचआर

कर्नाटकात २०२५ मध्ये पाळीची रजा मंजूर झालीय, महिन्याला एक दिवस, पगारी. कारखाने, दुकानं, आयटी सगळ्यांना. उद्यमबागेत काम करणाऱ्या मुलींनी आपल्या ऑफिसात विचारा. विडी वळणाऱ्या बाईला ती कोण देणार हे मला विचारू नका, उत्तर नाही.

खानापूरची_माई

डॉक्टरीणबाई, आमच्या शेजारची पोर. अंगावरून फार जातंय, चढ चढली की धाप, डोळ्याखाली पांढरंफटक. आई म्हणते "तिला लहानपणापासून असंच." हे पाळीतच मोडतं काय?

ओपीडीवाली

मोडतं, आणि दुखण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पॅड तासाभरात भिजून बदलावं लागत असेल आणि असं बरेच तास चाललं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, किंवा सात दिवसांच्या वर पाळी चालत असेल, तर ती जास्तच. हिमोग्लोबिन तपासा. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत ते कमी निघालं, म्हणजे "लहानपणापासून असंच" असणाऱ्या खूप आहेत. शाळेतून मिळणाऱ्या निळ्या लोहाच्या गोळ्या पोरी दप्तरात टाकून घरी आणतात आणि तिथेच राहतात. त्या खायच्या असतात, आणि चहासोबत नाही. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. मुलगी वयात आल्यापासूनच खूप जात असेल तर रक्त गोठण्याचाही तपास करतात.

आणि न थांबता दवाखाना गाठायची दुखणी सांगून ठेवते. पाळी चुकलेली असताना एका बाजूला कळ, थोडा डाग, चक्कर किंवा खांद्यात दुखणं, म्हणजे गर्भ नळीत असू शकतो. तिथे शेकत बसायचं नाही, १०८ लावायची. अचानक एका कुशीत मरणाची कळ आणि उलट्या, म्हणजे अंडाशयाला पीळ. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे सरकलेली कळ आणि ताप, म्हणजे अपेंडिक्स. ताप, घाण वासाचं पांढरं जाणं आणि ओटीपोट दुखणं, म्हणजे आत जंतुसंसर्ग. यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, आणि तिथेच गाडं अडतं.

शहापूरकरीण

लग्न न झालेल्या मुलीला नेलं तर आतून तपासतात का? मुलगी त्याच भीतीने येत नाही.

ओपीडीवाली

नाही. तिच्या बाबतीत पोटावरून तपासणी आणि पोटावरून सोनोग्राफी पुरते. त्यासाठी तासभर आधी तीन-चार पेले पाणी पिऊन लघवी रोखून यायचं, एवढाच काय तो त्रास. आणि तिची परवानगी घेतल्याशिवाय कुणी काही करायचं नसतं, हे तिला आधीच सांगा. दोन-तीन पाळ्या गोळी वेळेवर घेऊनही कॉलेज बुडत असेल तर आणा. तेव्हा हार्मोनच्या गोळ्यांचा विचार करता येतो. त्यांना लोक कुटुंबनियोजनाच्या गोळ्या म्हणतात म्हणून घरं बिथरतात, पण कुमारिकांनाही त्या दुखण्यासाठी देतात. अर्धशिशीत डोळ्यांपुढे लखलखाट दिसत असेल किंवा घरात रक्ताच्या गुठळ्यांचा आजार असेल तर आधी सांगायचं.

यळ्ळूरकर

डॉक्टर, अजून एक विचारतो. आईचं वय ५६. पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात पुन्हा डाग दिसला. ती म्हणते, "पाळी परत आली, अंगात ताकद आहे अजून." पोट थोडं दुखतं. सुगीनंतर दाखवू म्हणते.

ओपीडीवाली

सुगी थांबेल. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेलं रक्त, एक थेंब का असेना, ती पाळी नसते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा मुखाचा कॅन्सर नाही हे आधी बघावं लागतं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात, लागलं तर तुकडा काढून तपासतात. याच आठवड्यात न्या. सकाळची ओपीडी धरा, आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, आणि बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांची पाकिटं तशीच पिशवीत घालून आणा.

यळ्ळूरकर

परवा नेतो. बहिणीला सोबत यायला सांगितलंय, माझ्यासमोर ती काही बोलणार नाही.